स्वयंपाकीण बसल्याबिगर पंगत नाही

माझं नाव वत्सला. आडनाव विचारू नका, म्हणजे विचारा, सांगते की, खरात, पण आमच्याकडं आडनाव विचारणाऱ्याला नाव नको असतं, दुसरंच काही पाहिजे असतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. परभणीकडचं तालुक्याचं गाव आमचं. मला कळायला लागलं ते वसतिगृहाच्या चुलीमागच्या खोलीत. माय तिथं स्वयंपाकीण, पुढं मीपण तिथंच स्वयंपाकीण, रिटायर होईपर्यंत. दोन पिढ्या दुसऱ्याची लेकरं जेवू घातली बघा, आणि आता परदेशात, सेंगकांग भागातल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर, लेकाच्या घरात बसून तुमच्याशी बोलायली, आणि खाली ती बिनड्रायव्हरची छोटी गाडी जायली. पण तुम्ही माझ्या जन्माचं ऐकायला आला नाहीत, मला ठाऊक आहे, तुम्ही यांतीचं ऐकायला आलात. ती आमच्या घरी काम करणारी पोरगी. ती आम्हाला सोडून जायला निघाली होती, आणि कामून, तर मी तिला मानानं टेबलावर जेवायला बसवलं म्हणून. हसू नका. सांगते सगळं, पण आधी माय सांगावी लागंल, त्याबिगर मेळ लागायचा नाही.

देश तव्हा नवा होता. आमच्याकडं तर जास्तच नवा, निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली. घटना लिहून झाली होती, सगळी माणसं सारखी असं तिच्यात लिहिलं होतं, पण आमच्या गावच्या आडाला ते कोणी सांगितलं नव्हतं, पाणी आपलं वरूनच ओंजळीत घ्यावं लागायचं. तर एक गुरुजी होते, खादीवाले, लई हट्टी माणूस. त्यांनी एक मोठं घर भाड्यानं घेतलं, खेड्यापाड्यांतून सगळ्या जातीची पोरं गोळा केली, म्हणले इथं राहा, शाळा शिका, आणि स्वयंपाकाला कोण ठेवली तर माझी माय. गावात हलकल्लोळ. लोक म्हणले ह्या बाईच्या हातचं खाऊन पोरं बाटतील. गुरुजी म्हणले बाटू द्या, उपाशी राहण्यापेक्षा बरं.

पहिल्या दिवशी काय झालं, हे माय मला इतक्यांदा सांगायची की मला वाटतं मीच बघितलं. म्हणजे होतेच मी तिथं, सहा महिन्यांची, तिच्या मांडीवर. पोरं ओळीनं बसली, गुरुजीपण ओळीत, खाली, पोरांच्या मधी. मायनं भाकरी वाढल्या, वरण वाढलं, आणि आपली चुलीकडं सरकली. गुरुजी म्हणले, बाई, बसा. माय म्हणली, मी मागून खाईन. गुरुजी म्हणले, मागून नाही, स्वयंपाकीण बसल्याबिगर इथं कोणी भाकर मोडायची नाही. आता पोरं भुकेजलेली, वरण गार व्हायलेलं, सगळी मायकडं बघायली, आणि मायचा जीव नुसता कासावीस, लाजंनं मेल्याहून मेली. बसली शेवटी ओळीच्या टोकाला, मला मांडीवर घेऊन, आणि मान खाली घालून जेवली. मग सवय झाली. पुढं पुढं तर गुरुजींनाच दटावायची, सरका म्हणायची, जागा द्या.

दोन पोरं मात्र पंगतीत बसली नाहीत. मोठ्या घरची होती, ओसरीवर बसून घरचा डबा खायची. गुरुजी म्हणले बसू द्या, जबरदस्ती नाही. थंडीचे दिवस आले, डबा गार आणि इकडं मायच्या तव्यावरची भाकर फुगायली, वर ठेच्याचा वास, किती दिवस तग धरतील? आली आपली आपण. मायनं दोन भाकरी जास्तीच्या थापल्या.

तर असं ते. जेवण झालं की पोरं घटनेचं पहिलं पान म्हणायची, न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. मायला अक्षर येत नव्हतं पण ते पान तोंडपाठ. ती म्हणायची, समता मला कळते, समता ताटात वाढता येते, पण ते स्वातंत्र्य कसं वाढायचं ते गुरुजींनाच ठाऊक. आणि हसायची. मीपण हसायची. माझी सगळी उमर मी समता वाढली. पगार तुटपुंजा, पण माझ्या हाताखालून जेवून गेलेली लेकरं कुठंकुठं साहेब झालीत, रस्त्यात भेटली की पाया पडतात. मी म्हणते पाया पडू नका, जेवून जा.

नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो गेला. मिलिंद एकुलता एक, इंजिनियर झाला, चांगी बिझनेस पार्कला बँकेच्या ऑफिसात कम्प्युटरचं काम करतो. सून प्राजक्ता, ती त्याच्याहून शिकलेली, वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत संशोधन करते, काहीतरी पेशींचं. मी म्हणते बाई, तू काचेच्या बशीत जेवण वाढते ना त्या पेशींना, मग आपण दोघी एकाच धंद्यातल्या. नात मैत्री, दहा वर्षांची, मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर देणार. तिच्या शाळेत रोज सकाळी छातीवर मूठ ठेवून ह्या देशाची प्रतिज्ञा म्हणतात. हापण देश माझ्याहून लहानच की वयानं. त्याच्यातपण समता आहे म्हणे. मी विचारलं समता म्हणजे काय गं, तर म्हणली, एव्हरीबडी सेम लाह, आजी. मी म्हणलं बरोबर, पास.

आणि पासाचं सांगते, इथं आम्ही सगळे पासावरच, म्हणजे राहायच्या सरकारी परवान्यावर. मिलिंदचा पास वेगळा, माझा वेगळा, यांतीचा वेगळा. भाड्याचं घर, पासावरची माणसं, मी म्हणायची चला, निदान एका बाबतीत तरी घरात सगळे सारखे. पण पासापासात फरक असतो हो. माझा पास संपला तर मी परभणीला जाऊन लेकीसारख्या भाचीकडं राहीन. यांतीचा गेला तर तिच्या घरची चूल विझंल. हे मला तव्हा समजायला पाहिजे होतं, समजलं नाही.

यांती जावा बेटावरची. तिशीतली, मुसलमान, काटक, हसरी. मटण आम्ही तिला चालंल तसंच आणतो, त्यामुळं खाण्याची काही अडचण नाही. मला ती नेनेक म्हणते, नेनेक म्हणजे आजी. आमच्या दोघींची भाषा म्हणजे काय, थोडं इंग्रजी, थोडी हिंदी, बाकी हातवारे, पण भाकर थापायला शिकली माझ्याकडून, टेक्काच्या बाजारातून ज्वारीचं पीठ आणते, आणि गोल थापते बरं का, माझ्या सुनेपेक्षा गोल. तिची एक पोरगी आहे गावाकडं, आयू, आईच्या आईपाशी राहते. एवढं मला माहिती होतं.

मी आले त्याच्या पहिल्याच संध्याकाळी बघते तर काय, आम्ही सगळे टेबलावर, आणि यांती आत, वॉशिंग मशीनपाशी स्टुलावर, आमच्याकडं पाठ करून, मांडीवर ताट. माझं टाळकंच सरकलं. मी मिलिंदला म्हणलं, हे काय आहे? त्या भिंतीवर घटनेचं पान फ्रेम करून लावलंय तू, आणि त्याच्या खाली जेवायलास, आणि पोरगी वॉशिंग मशीनशी? तो ताटातली भाकर कुस्करायला लागला. आम्हा सासवा-सुनांच्या मधी बोललं की भाजून निघतं, हे त्याला लग्नापासून ठाऊक आहे. प्राजक्ता म्हणली, आई, आम्ही तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तिला आतच आवडतं. मी म्हणलं, व्वा! असं मालकच म्हणतात, आमच्या आडावरपण असंच म्हणायचे, त्यांना लांबच बरं वाटतं. प्राजक्ताचं तोंड एवढंसं झालं. वाईट वाटलं मला, पण थांबते कसली मी.

दुसऱ्या दिवशी यांतीचं ताट मी टेबलावर मांडलं. ती म्हणली, इट्स ओके, नेनेक. मी म्हणलं ओके बिके काही नाही, सिट. ती उभीच. मी सांगून टाकलं, स्वयंपाकीण बसल्याबिगर ह्या घरात कोणी घास मोडायचा नाही. मैत्री भुकेनं चमचा वाजवायली, मिलिंद ताटात बघायला, वरण गार व्हायलं, आणि यांती बसली हो शेवटी, खुर्चीच्या टोकाला, मान खाली घालून. काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्याला धारा. मला मायच दिसली. मी म्हणलं लाजू दे, मायपण लाजली होती, होईल सवय.

आता टेबलावर मोबाईल आणायचा नाही, हा प्राजक्ताचा नियम, मैत्रीसाठी केलेला. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून यांतीचा मोबाईल आत किचनमधी. आणि बरोबर आठला, आम्ही जेवायला बसलो की तो आत वाजायचा. वाजून वाजून बंद पडायचा. यांती उठायला बघायची, मी म्हणायची वाजू दे, जेव आधी, पोटाहून मोठं काय आहे. मला वाटायचं मैत्रिणी असतील, नाहीतर सिनेमा लावत असंल जेवताना, पोरंसोरं लावतात तसं.

एक दिवस मिलिंदनं टेबलावरचा फोटो काढला, मी तो आपल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं समता. तुम्हीपण खाली तो शाबासकीचा अंगठा टाकला होता, आठवतं का? लई कौतुक झालं माझं. एक बाई खाली भेटली तर म्हणली, मावशी, कामवालीला इतकं चढवू नये हो, डोक्यावर बसतात. मी म्हणलं, अगं मी खुर्चीवर बसवली तर तुला डोकं दुखायलं, डोक्यावर बसवली असती तर काय झालं असतं तुझं! लिफ्टमधली माणसं हसली. मी आपली ऐटीत. महिनाभर मी अशी ऐटीत होते.

आणि इकडं यांती सुकायली. जेवायची चार घास, हसणं गेलं, भाकरी कशाही थापायची. मग एक दिवस सकाळी प्राजक्ता किचनमधून बाहेर आली ती चेहरा पांढरा घेऊन. म्हणली, यांतीला ट्रान्सफर पाहिजे. म्हणजे दुसरं घर, एजन्सीला सांगून. मैत्रीनं रडून घर डोक्यावर घेतलं, तिला यांतीनं तीन वर्षांची असल्यापासून बघितलंय. प्राजक्तानं कारण विचारलं तर यांतीनं म्हणे नुसतं जेवणाच्या टेबलाकडं बोट दाखवलं, आणि ते मला बोलण्याहून लागलं. मला तर आधी रागच आला. म्हणलं अशी कशी ही, माझ्या मायनं ज्याच्यासाठी गावाचे शब्द झेलले ते हिला आयतं दिलं आणि ही निघाली! बरोबर जेवायला बसवणं जर चूक असंल तर माझी सगळी उमर चूक. सांगते खरं, मला झोप लागंना. यांती जाईल ते जाईल, पण मायची पंगत चुकीची कशी असंल?

शेवटी शनिवारी दुपारी मी यांतीला आणि मैत्रीला घेऊन खाली गेले, इमारतीखाली ती मोकळी जागा आहे ना, दगडी टेबल आणि स्टुलं, म्हातारे चिनी आजोबा सोंगट्या खेळतात तिथं. घरात मला विचारायचं नव्हतं, घरात ती कामावर असते. मी मैत्रीला म्हणलं, हिला विचार, माझं काय चुकलं, आणि ती बोलंल ते सगळं सांग, आजीला बरं वाटावं म्हणून गाळू नको. यांती ओढणीचं टोक पिळायली. मग बोलायला लागली, आणि मैत्री तिच्या त्या अर्ध्या मराठीत मला सांगायली, आणि सांगता सांगता तीच रडायली.

आयू तिकडं सातला जेवते, म्हणजे आपले इथले आठ. रोज यांती किचनमधी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची, तिकडं आयू ताट घेऊन बसायची, इकडं यांती ताट घेऊन बसायची, आणि दोघी मायलेकी बरोबर जेवायच्या. शाळेत काय झालं, कोणाशी भांडली, भाजी कामून टाकली ताटात. मग पोरगी झोपायला जायची. एवढीच त्यांची भेट. आणि मी महिनाभर म्हणायली, वाजू दे. आयू म्हणली म्हणे, आई आता माझ्यासोबत जेवत नाही, मग मीपण नाही जेवणार.

पंगत तर होतीच की हो तिची! मी तिची पंगत मोडली आणि माझी मांडली. मायला गुरुजींनी ओळीत बसवली तव्हा तिचं लेकरू तिच्या मांडीवर होतं. यांतीचं लेकरू आत वाजायलं होतं.

मी म्हणलं, मैत्री, तिला विचार, तू मला नाही कामून म्हणली नाहीस? यांतीनं माझ्याकडं बघितलं, जणू मी खुळ्यासारखं विचारलं, आणि म्हणली, नेनेक, कॅन से नो? म्हणजे, म्हणता येतं का? बस. तिथंच मला सगळं उमगलं. ओसरीवरच्या त्या दोन पोरांना नाही म्हणता येत होतं, म्हणून ती आली तव्हा आपल्या पायानं आली. जिला नाही म्हणताच येत नाही तिला शेजारी बसवून कसली आली समता? ती तर नुसती माझी हौस. घटनेत स्वातंत्र्य आधी लिहिलंय, समता त्याच्या मागून, सगळी उमर ते पान म्हणले मी, आणि आधी काय नंतर काय ते कधी बघितलं नाही. चूक मायच्या पंगतीची नव्हती. घाई माझी होती.

यांतीला तिथंच म्हणलं, सॉरी पोरी. वर आल्यावर मिलिंदला म्हणलं, तिला जायचं असंल तर अडवायचं नाही, एजन्सीचा कागद मागितला की सही करून द्यायची, तोंड वाकडं न करता. मैत्री म्हणली, आजी, बट आय डोन्ट वॉन्ट! मी म्हणलं मलापण नको आहे, पण तिचा पाय आहे, तिची वाट. यांतीनं महिनाअखेरीपर्यंत विचार करते असं सांगितलं.

त्या दिवसापासून आठ वाजले की किचनचं दार बंद. आतला अर्धा तास तिचा. त्या वेळात पाणी मागायचं नाही, चमचा मागायचा नाही, जे लागतं ते आधी टेबलावर आणून ठेवायचं. वाढणं माझ्याकडं, मागची भांडी मिलिंदकडं, शिकला चांगला. आणि स्टूल काढून टाकलं, आत घडीचं टेबल आणि पाठ टेकायची खुर्ची घेतली, ती तिनं स्वतः निवडली, हिरवी. बंद दाराच्या आड सुरुवातीला नुसती कुजबुज ऐकू यायची, मग आवाज वाढला, मग एक दिवस खो खो हसणं. आम्ही चौघं घास हातात धरून गप ऐकायलो. तरी राहणार का जाणार, ते ती सांगंना, आणि मी विचारंना. न विचारणं मला किती जड, हे माझ्या सुनेला विचारा.

मग गेल्या आठवड्यात काय झालं, पिठलं केलं होतं, आणि ठेचा फ्रिजमधी राहिला. पिठलं आणि ठेचा नाही, मग जीव कशाला ठेवायचा? सवयीनं मी आपली ओरडले, यांती, जरा ठेचा आण गं! ओरडले आणि जीभ चावली. आणि आतून, दाराच्या आडून, चांगला खणखणीत आवाज आला, नो, नेनेक! नॉट नाऊ!

मैत्रीनं तोंडावर हात ठेवला. प्राजक्ता माझ्याकडं बघायली, आता म्हातारी काय करते म्हणून. अहो, शंभर लेकरांच्या पंगती उठवल्या मी, मला तोंडावर नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही, मिलिंदच्या बापाचीसुद्धा. आणि मला हसू फुटलं. असं हसू फुटलं की पाणी प्यावं लागलं. मी म्हणलं, म्हणली गं बाई, म्हणली! पिठलं कोरडंच खाल्लं, आणि सांगते, तसं पिठलं जन्मात लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं प्राजक्ताला सांगितलं, ट्रान्सफर नको. मला ते आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. जिला जायचं असतं ती नाही कशाला म्हणंल, ती हो हो म्हणत निघून जाते. माझ्या टेबलावर ती पुन्हा बसली नाही, बसंल असं वाटतपण नाही, आणि आता मला त्याचं काही नाही. सुखी राहा पोरी म्हणते मी तिला मनातल्या मनात, तुझी आयू मोठी होऊ दे, तिला कोणाच्या घरी जायची पाळी न येवो, आणि मला अशीच नाही म्हणत जा.

बघा, बोलता बोलता आठ झाले. तुम्ही जेवूनच जायचं, मी वाढते, ताट मांडलंय. म्हणजे थांबा, विचारते आधी, जेवता का? बरं, मग बसा. फक्त आवाज जरा हळू ठेवा, आत मायलेकी जेवायल्यात.